प्रकाशावर चालणारे ऊर्जा-पदार्थ आणि केमिस्ट्रीचा प्राध्यापक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

निकाल लागले की आणि नेटचे, म्हणजे प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षेचे, फॉर्म सुटले की माझ्या फोनवर तेच तेच प्रश्न येऊन पडतात. कोणी यावलचा, कोणी शिरपूरचा, परवा तर धडगावच्या आश्रमशाळेत शिकलेल्या एका मुलीचा फोन होता. दर वेळी नव्याने टाइप करून कंटाळा आला, म्हणून एकदाच नीट लिहून ठेवतोय. मी जळगाव जिल्ह्यात केमिस्ट्री शिकवतो आणि प्रकाश पडला की काम करणारे पदार्थ बनवतो. नेमणुकांचे नियम यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या नियमावलीतले आहेत, पीएचडीचे २०२२ च्या. फॉर्म भरायच्या आधी ताजी जाहिरात मात्र स्वतः वाचा.

१. सर, तुम्ही नक्की करता काय? सोलर पॅनल बनवता का?

नाही. गावात मला 'सोलरवाले सर' म्हणतात आणि दोन जणांनी गच्चीवरच्या सोलर हीटरची गळती बघायला बोलावलंही होतं. माझं काम पॅनलच्या फार अलीकडचं, चिमूटभर पावडरीचं आहे.

काही पदार्थांवर प्रकाश पडला की आतला इलेक्ट्रॉन वरच्या पातळीवर उडी मारतो. खाली त्याची रिकामी जागा राहते. हा इलेक्ट्रॉन तारेतून बाहेर काढला तर वीज मिळते. पाण्याला दिला तर हायड्रोजन, आणि सांडपाण्यातल्या घाणीवर सोडला तर पाणी स्वच्छ व्हायला मदत. उडीची उंची पदार्थागणिक ठरलेली असते, तिला बँड गॅप म्हणतात. १२४० ला बँड गॅपने भागलं की किती नॅनोमीटरपर्यंतचा प्रकाश चालेल ते कळतं. टायटॅनियम डायऑक्साइडच्या अ‍ॅनाटेज रूपाचा गॅप ३.२ इलेक्ट्रॉन व्होल्ट, म्हणजे साधारण ३८७ नॅनोमीटर. हा झाला अतिनील, आणि उन्हात अतिनील जेमतेम ४-५ टक्के. पदार्थ स्वस्त, टिकाऊ, बिनविषारी, पण सगळं ऊन समोर असून त्याला दिसतं एवढंच.

आमच्या क्षेत्रातली निम्मी मेहनत या एका अडचणीपायी आहे. कोणी त्यात नायट्रोजन घालतं, कोणी रंगद्रव्य चढवतं, कोणी तो सोडून बिस्मथ व्हॅनाडेट (२.४) किंवा आयर्न ऑक्साइडकडे (सुमारे २.१) जातं. आयर्न ऑक्साइड म्हणजे साधा गंज. त्याला प्रकाश छान दिसतो, पण त्यात उडी मारलेला इलेक्ट्रॉन पृष्ठभागापर्यंत पोचायच्या आत परत खाली बसतो.

२. हे तर फिजिक्स झालं. केमिस्ट्रीवाल्याचं काम काय?

पदार्थ बनवणं, आणि तो पुन्हा तसाच बनवता येणं. दुसरं जास्त अवघड.

टायटॅनियम आयसोप्रोपॉक्साइड नावाचं एक द्रव असतं, पाण्यासारखं स्वच्छ. त्यापासून सोल-जेल (द्रवाचा जेल करून मग भाजायच्या) पद्धतीने टायटॅनियम डायऑक्साइड करतात. माझ्या पीएचडीच्या पहिल्या जुलैत, बाहेर संततधार, मी बाटलीचं झाकण उघडून पिपेट शोधायला मागे वळलो. परत बघतो तर बाटलीच्या तोंडाशी पांढरी साय. हवेतल्या ओलाव्याने तिथेच त्याचा ऑक्साइड करून टाकला होता. मे महिन्यात हाच प्रयोग सहज होत होता, कारण आपल्याकडच्या मेच्या हवेत दमटपणाच नसतो. वहीत तारखेशेजारी आर्द्रता लिहायची सवय मला त्या दिवसापासून लागली.

मग भट्टी. ४५० अंशांवर दोन तास ठेवायचं आणि दीड तासात लाइट जाते. तो नमुना वाया गेला असं नसतं, पण तो आता वेगळा नमुना असतो आणि त्याला वेगळं नाव द्यावं लागतं. हे न पाळणारी मुलं तिसऱ्या वर्षी रडतात.

३. मुलाखतीत इतिहास विचारतात. किती माहीत हवा?

पाच टप्पे पुरतात. १८३९ मध्ये एदमाँ बेकेरेलला प्रकाशाने विद्युतप्रवाह मिळाला. १९५४ मध्ये बेल लॅबचा सिलिकॉन सेल आला, कार्यक्षमता सुमारे ६ टक्के. १९७२ मध्ये फुजिशिमा आणि होंडा यांनी टायटॅनियम डायऑक्साइडच्या इलेक्ट्रोडवर प्रकाश टाकून पाण्याचं विघटन दाखवलं. १९९१ मध्ये ओ'रिगन आणि ग्रेट्झेल यांचा रंगद्रव्याचा सेल, आणि २००९ मध्ये मियासाका यांच्या गटाचा पेरोव्स्काइट (खास स्फटिकरचनेच्या पदार्थाचा) सेल, ३.८ टक्क्यांचा. आज प्रयोगशाळेतले पेरोव्स्काइट सेल २६ टक्क्यांच्या पुढे आहेत. २०२३ चं केमिस्ट्रीचं नोबेल क्वांटम डॉट्सना, म्हणजे अतिसूक्ष्म स्फटिककणांवरच्या कामाला, मिळालं (बावेंडी, ब्रुस, एकिमोव्ह). तेही याच घरातलं.

४. बारावीनंतर किती वर्षं लागतात?

बीएस्सी ३, एमएस्सी २, पीएचडी नियमाने ३ ते ६ आणि व्यवहारात ५, वर जमलं तर पोस्टडॉक (पीएचडीनंतरचं संशोधन) २. म्हणजे अठराव्या वर्षी निघालात तर तिशी येतेच. माझे वडील दर दिवाळीला विचारायचे, "तुनं शिकनं कवय सरी रे भो?" (तुझं शिकणं कधी संपणार?) माझ्याकडे उत्तर नसायचं. मग ते कापसाचा भाव सांगायला लागायचे.

एमएस्सीसाठी आपल्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाचा पर्याय आहे (स्थापना १९९०), आणि आयआयटीत जायचं तर जॅम ही परीक्षा. नव्या शैक्षणिक धोरणाखाली चार वर्षांची पदवी ७५ टक्क्यांनी पार केली तर एमएस्सी न करता पीएचडीला अर्ज करता येतो. माझं वैयक्तिक मत विचाराल तर एमएस्सीचं प्रॅक्टिकल चुकवू नका.

५. नेट, सेट, जेआरएफ, गेट... डोकं गरगरतं. फरक सांगा.

केमिकल सायन्सची नेट सीएसआयआरची. वर्षातून दोनदा, २०० गुण, अ-ब-क असे तीन भाग. क भागाचे प्रश्न ४ गुणांचे, १०० गुण तिथेच आहेत. चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाचे पाव हिस्सा गुण कटतात, म्हणजे अंदाजाने ठोकून देऊन फारसं हाती लागत नाही. २०२४ पासून निकालाचे तीन गट आहेत. सर्वांत वर जेआरएफ (संशोधनासाठीची फेलोशिप), त्याखाली सहायक प्राध्यापकाची पात्रता, आणि तिसरा गट फक्त पीएचडी प्रवेशाचा. जेआरएफला वयाची अट असते, तिच्यात आरक्षित प्रवर्ग आणि मुलींना ५ वर्षांची सवलत. सहायक प्राध्यापकाच्या पात्रतेला वयाची अट नाही.

सेट महाराष्ट्र आणि गोव्यापुरती, ती पुण्याचं विद्यापीठ घेतं. प्राध्यापक होण्यासाठी चालते, फेलोशिप मिळत नाही. गेटवर कंपन्या आणि आयआयटीचे पीएचडी प्रवेश बघतात, पण गेटने कॉलेजात प्राध्यापक होता येत नाही. दर वर्षी कोणीतरी हे मुलाखतीच्या दिवशी कळून परत जातं.

६. फेलोशिप किती, आणि जेआरएफ निघाली नाही तर?

जेआरएफ महिना ३७,००० आणि दोन वर्षांनी एसआरएफ ४२,०००, घरभाडं वेगळं. हे दर १ जानेवारी २०२३ पासूनचे.

नाही निघाली तर प्रवर्गानुसार बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या फेलोशिप आहेत, आणि अनुसूचित जमातीच्या मुलांसाठी केंद्राची राष्ट्रीय फेलोशिप. नंदुरबारकडच्या मुलांना ही शेवटची माहीतच नसते, म्हणून ठळक सांगतो. यांचे हप्ते लांबतात. सहा महिने पदरचे पैसे घालायची तयारी ठेवा, किंवा एखाद्या सरांच्या प्रकल्पावर प्रोजेक्ट फेलो म्हणून लागा.

७. माझं सगळं मराठी माध्यमात झालं. पेपर इंग्रजीत कसे लिहू?

संशोधनाचं इंग्रजी तीनशे-चारशे शब्दांचं असतं आणि तेच तेच येतं. ते दोन वर्षांत बसतं. अडतं ते वेगळ्याच ठिकाणी, प्रश्न विचारताना. मुलं चूक होईल म्हणून सेमिनारमध्ये गप्प बसतात. माझ्या लॅबमध्ये चर्चा मराठीत, कधी अहिराणीतही होते, वही इंग्रजीत लिहायची एवढाच नियम.

८. आपल्या खान्देशात एवढं ऊन, मग सोलरच्या संशोधनाला याहून चांगली जागा कुठली?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त येतो, विशेषतः भुसावळहून. भुसावळकरांना आपल्या उन्हाचा अभिमान आहे. मग सविस्तरच सांगतो.

ऊन आणि उष्मा या दोन गोष्टी आहेत. सेलला प्रकाश हवा असतो, उष्मा त्याचा वैरी. सेलची कार्यक्षमता मोजतात ती चौरस मीटरला १००० वॅट प्रकाश आणि सेल २५ अंशांवर असताना. सिलिकॉनचा सेल त्यापुढच्या प्रत्येक अंशाला साधारण ०.३५ ते ०.४ टक्के ताकद गमावतो. गेल्या मेमध्ये आम्ही गच्चीवर एका पॅनलच्या पाठीला थर्मोकपल (तापमान मोजायची तार) चिकटवलं. दुपारी दीडला ६७ दाखवत होतं. शेजारच्या काकूंनी त्याच गच्चीवर बिबडे (ज्वारीचे पापड) वाळत घातले होते, ते तासाभरात खणखणीत झाले. आता हिशेब करा. ६७ वजा २५ म्हणजे ४२ अंश, म्हणजे १५ ते १७ टक्के वीज उष्म्यात गेली. फेब्रुवारीतल्या निरभ्र दुपारी तोच पॅनल प्रकाशाच्या मानाने जास्त बरा चालतो.

पेरोव्स्काइटचं आणखी नाजूक. मियासाकांनी वापरलेल्या घराण्यातला मिथाइलअमोनियम लेड आयोडाइड हा पदार्थ साधारण ५५ अंशांच्या आसपास आपली स्फटिकरचनाच बदलतो. युरोपातल्या थंड भागातल्या छतांवर तो बहुतेक काळ त्या रेषेच्या खाली राहील, जळगावच्या छतावर मात्र तो उन्हाळ्यात रोज सकाळी एकदा वर जाईल आणि संध्याकाळी एकदा खाली येईल. त्यात जुलैची ओल. म्हणूनच आता या पदार्थात सीझियम आणि फॉर्मामिडिनियम मिसळतात. पॅनलची प्रमाणित चाचणी ८५ अंश आणि ८५ टक्के आर्द्रतेत १००० तासांची असते. आपल्याकडे मे आणि जुलै मिळून तिची घरगुती आवृत्ती फुकट होते.

तेव्हा उत्तर असं, की ऊन आहे म्हणून इथे कार्यक्षमता वाढत नाही, पण पदार्थ टिकतो का हे तपासायला जागा खरंच चांगली आहे. साक्री तालुक्यात महाजेनकोचा १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प आहे, ब्राह्मणवेलला पवनचक्क्या आहेत आणि दीपनगरला कोळशाचं धुराडं. ऊर्जेवर काम करणाऱ्याला विषय शोधायला लांब जावं लागत नाही.

९. पण इथे मोठी मशिनं कुठे आहेत?

काही आहेत, सगळी नाहीत. एक्स-रे डिफ्रॅक्शन आणि यूव्ही-व्हिजिबल मिळून जातं. टीईएम (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक), एक्सपीएस (पृष्ठभागाची रासायनिक तपासणी) यांसाठी नमुने बाहेर पाठवावे लागतात. आयआयटी मुंबईचं सैफ हे उपकरण केंद्र, पुण्याची एनसीएल (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा), आणि धुळ्याकडच्या लोकांना खरं तर सगळ्यांत सोयीचं इंदूर. मुंबई-आग्रा रस्त्याने पळासनेर, सेंधवा करत एसटीने सकाळी निघालं की दुपारी पोचतो. तिथे यूजीसी-डीएई कन्सोर्टियम आहे, मुळात विद्यापीठं आणि कॉलेजांतल्या लोकांसाठीच उभं केलेलं, आणि तिथल्याच आरआरकॅट या केंद्रीय संशोधन संस्थेत इंडस-२ हा सिंक्रोट्रॉन (अतितीव्र एक्स-रे देणारं यंत्र). प्रस्ताव लिहायचा, पाळी आली की जायचं. माझी एक विद्यार्थिनी डब्यात कळण्याची भाकरी आणि ठेचा घेऊन गेली आणि सलग दोन रात्री मोजण्या करून परत आली.

दूर पाठवण्याचा एक फायदा मुलांना नंतर कळतो. ज्याच्या विभागात टीईएम आहे तो आधी फोटो काढतो आणि मग विचार करतो. आमच्याकडे वर्षात दहा नमुन्यांचे पैसे असतात, त्यामुळे कुठले दहा पाठवायचे यावर आठवडाभर भांडण होतं. ते भांडण म्हणजेच निम्मं संशोधन. तोटा उघडच आहे. कुरियरमध्ये फुटलेली कुपी, आणि शेजारच्या विभागात दोन दिवसांत होणारं काम आम्हाला दोन महिने.

१०. पगार किती? खरं सांगा.

कायम नोकरी लागली तर सहायक प्राध्यापकाचं मूळ वेतन ५७,७०० (स्तर १०) पासून, वर महागाई भत्ता. सहयोगी १,३१,४०० (स्तर १३अ), प्राध्यापक १,४४,२०० (स्तर १४).

पण 'लागली तर' हे दोन शब्द लहान नाहीत. बहुतेकांची सुरुवात तासिका तत्त्वावर होते, म्हणजे घेतलेल्या तासांचेच पैसे, तेही वेळेवर येतीलच असं नाही. दिवाळी आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत शून्य. मी स्वतः चार वर्षं तासिकेवर होतो. एका कॉलेजात वर्षाचं मानधन पुढच्या गणपतीत मिळालं. तोवर संध्याकाळी अकरावी-बारावीच्या शिकवण्या घेतल्या. यात लाज नाही, पण घरच्यांना आधी स्पष्ट सांगून ठेवा. पीएचडी झाली म्हणजे नोकरी ठरली असा समज मी अनेक सोयरिकींमध्ये ऐकलाय.

११. सहायक प्राध्यापक ते प्राध्यापक, मध्ये काय काय लागतं?

प्रवेशाला एमएस्सी ५५ टक्के (आरक्षित प्रवर्गाला ५०) आणि नेट किंवा सेट. जुलै २०२३ पासून पीएचडी या पातळीला ऐच्छिक आहे, तरी निवडीत तिचं वजन पडतंच. पीएचडी असेल तर पहिली बढती ४ वर्षांनी, मग ५, मग ३ आणि ३. सहयोगीच्या थेट जागेला ८ वर्षांचा अनुभव आणि ७ शोधनिबंध, प्राध्यापकाच्या जागेला १० वर्षं आणि १० निबंध, शिवाय संशोधनाचे गुण अनुक्रमे ७५ आणि १२०. आठवड्याला शिकवण्याचे १६ तास, वरच्या दोन पदांना १४. पीएचडीचे विद्यार्थी तिन्ही पदांना एका वेळी अनुक्रमे ४, ६ आणि ८.

कागदावर नसलेलं काम वेगळंच. नॅकची (कॉलेजच्या मूल्यांकनाची) फाइल, परीक्षेचं सुपरव्हिजन, निवडणुकीची ड्यूटी. माझं संशोधन मी सकाळी सात ते दहा करतो, कारण दहानंतर दिवस माझा राहत नाही.

१२. माझ्या पावडरीने मी प्रकाशात पाण्यातल्या मेथिलीन ब्लू या निळ्या रंगद्रव्याचा रंग ९५ टक्के घालवला. पेपर होईल ना?

होईल, पण आधी चार गोष्टींची उत्तरं द्या. एक, अंधारात अर्धा तास ढवळून पाहिलं का? रंग पावडरीला नुसता चिकटला तरी पाणी स्वच्छ दिसतं. दोन, पावडर न घालता नुसत्या प्रकाशात किती गेला? मेथिलीन ब्लू स्वतःच थोडा उडतो. तीन, ६६४ नॅनोमीटरची (हा रंग जिथे सर्वांत जास्त प्रकाश शोषतो ती) रेघ खाली आली म्हणजे रेणू संपला असं नाही, त्याचे तुकडे पाण्यातच असू शकतात.

चौथी गोष्ट फसवी आहे. तुम्ही लिहिलंय की पदार्थ दृश्य प्रकाशात काम करतो. पण दृश्य प्रकाश शोषतोय तो रंग. रंगातून इलेक्ट्रॉन पावडरीत उतरतो आणि रंग स्वतःच मोडतो. पावडर तिथे फक्त निमित्ताला. खात्री करायची तर फिनॉलसारखं बिनरंगी काहीतरी घ्या. परीक्षक हाच प्रश्न विचारतो, आणि पुष्कळ प्रबंध तिथे गडगडतात.

हे मी कोणावर बोट ठेवून सांगत नाही. आमच्या झेनॉन दिव्याचा बल्ब बदलल्यावर मी प्रमाण सेलने तीव्रता पुन्हा मोजायची विसरलो. तीन महिने आकडे फार देखणे आले. मोजलं तेव्हा दिवा पाचव्या हिश्श्याने जास्त पेटत होता. तीन महिन्यांची वही बाजूला ठेवून आम्ही पहिल्यापासून सुरुवात केली.

१३. हायड्रोजनचे बुडबुडे आले. म्हणजे पाणी फुटलं का?

तुम्ही त्यात मिथेनॉल घातलं असेल तर तसं लिहू नका. मिथेनॉल रिकाम्या जागा भरून काढतं, म्हणजे अर्धं काम त्याने केलं, आणि काही हायड्रोजन त्याच्यातूनही येऊ शकतो. पाणी खरंच फुटलं असेल तर हायड्रोजन आणि ऑक्सिजन २:१ प्रमाणात मिळायला हवेत. गॅस क्रोमॅटोग्राफवर (वायू वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर) दोन्हींची शिखरं दाखवा, आणि आत हवा शिरली नाही हे नायट्रोजनच्या शिखरावरून. थोडा धीर धरायलाही शिका. २०२१ मध्ये जपानात दोमेन यांच्या गटाने १०० चौरस मीटरचं पटल उघड्यावर चालवलं, तिथेही सूर्याच्या ऊर्जेतून हायड्रोजनचा वाटा जास्तीत जास्त ०.७६ टक्के होता.

१४. मार्गदर्शक कसा निवडू?

त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांना फोन करा, सध्याच्या नको. सध्याचा खरं बोलणार नाही. शोधगंगेवर (प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर) त्यांच्या हाताखालचे दोन प्रबंध काढून प्रायोगिक प्रकरण वाचा. प्रश्न १२ मधल्या चार गोष्टी त्यात दिसल्या तर निर्धास्त जा.

१५. लग्न ठरलंय. पीएचडी सुटेल का?

नियमाने मुलींना २ वर्षं वाढीव मिळतात, शिवाय संपूर्ण कालावधीत २४० दिवसांपर्यंत प्रसूती आणि बालसंगोपन रजा. सासरच्यांना हे नियम छापून दाखवा, तोंडी सांगू नका. बाळ लहान असताना रसायनांचं काम टाळून मोजण्या आणि लिखाणाचा टप्पा घेता येतो, त्याचं नियोजन मार्गदर्शकाशी आधीच बोला.

१६. मी ३३ चा आहे, तासिकेवर शिकवतो. जेआरएफचं वय गेलं. संपलं का?

जेआरएफ संपली, वाट नाही. नेट-सेट आणि पीएचडी प्रवेशाला वय आडवं येत नाही (प्रश्न ५). नोकरी सांभाळून अर्धवेळ पीएचडी करता येते, कॉलेजचं ना-हरकत पत्र लागतं. जर्मनीची हुम्बोल्ट फेलोशिप पीएचडीनंतरची वर्षं मोजते, वय मोजत नाही. पण दोन मुलं, घराचा हप्ता आणि तासिकेचं मानधन असं गणित असेल तर ऊर्जेच्या पदार्थांपेक्षा कमी उपकरणांचा विषय घ्या, हे मी मोकळेपणाने सांगतो.

१७. शाळेतली मुलं घेऊन लॅब बघायला येऊ का?

या. शनिवारी सकाळी, एका वेळी वीसच मुलं. जूनमध्ये येत असाल तर सातपुड्याकडून बाजारात येणारी जांभळं पावशेर घेऊन या. काचेवर टायटॅनियम डायऑक्साइडचा पांढरा थर देऊन भाजतो, तो जांभळाच्या रसात बुडवतो, समोर पेन्सिलीच्या शिशाने काळी केलेली काच आणि मध्ये आयोडीनचा थेंब. ग्रेट्झेल यांच्या सेलचा हा गावठी भाऊ. व्हरांड्यात उन्हात धरला की मल्टिमीटरवर ०.३-०.४ व्होल्ट येतो आणि हाताची सावली केली की पडतो. गेल्या वर्षी साक्रीकडची पोरं आली होती, सेल व्हायच्या आधीच निम्मी जांभळं खाऊन बसली. तेव्हा पावशेर नको, अर्धा किलोच आणा.